'नवीन संशोधन आलंय' असा फॉरवर्ड आला की तो घरबसल्या कसा तपासायचा (कंपवात असलेल्या घरांसाठी)

आमच्या अण्णांना कंपवात म्हणजे पार्किन्सन होऊन सात वर्षं झाली आणि या सात वर्षांत मला औषधांचे जेवढे फॉरवर्ड आलेत तेवढे चतुर्थीला शुभेच्छांचे पण येत नसतील. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर एकाच दिवशी अकरा जणांनी एकच बातमी पाठवली, जपानने पार्किन्सन बरा केला म्हणून. शेजारचे दाजी तर थेट ओटीवरच येऊन बसले, "आरे, जपानात काय तां सुई मारून बरो करतत म्हणे, अण्णांका घेवन जा मरे एकदा." दाजी बिचारे काळजीपोटी सांगतात, त्यांना काय बोलणार, पण त्या रात्री अण्णा जेवताना मला हळूच विचारतात की जपानला जायला साधारण किती खर्च येत असेल. तेव्हा ठरवलं की हे प्रकरण नीट शिकून घ्यायचं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कणकवली तालुक्यात बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, दाखले, हेच दिवसभर. त्यामुळे सरकारी वेबसाइटवर कुठलं बटण कुठे लपवलंय ते शोधायची सवय आहे आणि तीच इथे कामाला आली. खाली लिहिलंय ते पार्किन्सन धरून लिहिलंय पण विसरभोळेपणाचा आजार, फिट, नसांचे बाकीचे हळूहळू वाढणारे आजार, सगळ्यांना तीच पद्धत चालते. फक्त लकव्याला नाही. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळलं तर काय वाचत बसू नका, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात आणि आपल्या घाटरस्त्यांचा हिशोब केला तर त्यातले दोन तास गाडीतच जातात.

तर, पहिलं काम, बातमी बाजूला ठेवा आणि मूळ पेपर शोधा. फॉरवर्डमध्ये तीन गोष्टी बघायच्या, कुठल्या संस्थेने केलं, कुठल्या मासिकात छापलं, कुठल्या साली. तिन्हीपैकी एकही नसेल तर तो मेसेज गट नंबर नसलेल्या विम्याच्या फॉर्मसारखा आहे, पुढे जाणारच नाही, डिलीट करा. एखादी जरी सापडली तरी पबमेड नावाची साइट आहे, अमेरिकेच्या सरकारी मेडिकल लायब्ररीची, फुकट, लॉगिन पण लागत नाही. तिथे इंग्रजीत आजाराचं नाव, संस्थेचं किंवा गावाचं नाव आणि वर्ष टाकलं की पेपरांची यादी येते. पूर्ण पेपर बऱ्याच वेळा पैसे मागतो पण वरचा सारांश फुकट असतो आणि आपल्याला तेवढा पुरतो. इंग्रजी जड जात असेल तर कॉपी करून भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, फक्त सांभाळून, मला त्याने एकदा ट्रायलचं, म्हणजे माणसांवर औषध तपासून बघण्याचं, भाषांतर 'खटला' असं करून दिलं होतं आणि मी दहा मिनिटं विचार करत बसलो की या म्हाताऱ्यांवर केस कोणी टाकली.

सारांशात सगळं कळायची गरज नाही. चार गोष्टी शोधायच्या. उंदीर की माणूस, माणूस असेल तर किती जण, काय मोजलं, आणि कशाशी तुलना केली. चौथी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच फॉरवर्डमधून गळालेली असते.

जपानचीच बातमी घेऊ. पेपर खरा निघाला, क्योटो विद्यापीठाचा, नेचर मासिकात एप्रिल २०२५ ला आला. निरोगी माणसाच्या पेशींपासून स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनवता येतात त्या मूळ पेशी, करून त्यातून डोपामिन (हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन, पार्किन्सनमध्ये तेच कमी पडतं) बनवणाऱ्या पेशी वाढवल्या आणि त्या ऑपरेशन करून मेंदूत दोन्ही बाजूंना सोडल्या. दाजी म्हणतात तशी सुई नाही, डोक्याचं ऑपरेशन, वर शरीराने त्या परक्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं. किती जणांना? ७. वय ५० ते ६९. फायदा मोजला तो ६ जणांमध्ये, त्यातल्या ४ जणांचा गोळी न घेतलेल्या वेळचा हालचालीचा स्कोअर दोन वर्षांनी सुधारलेला दिसला. आता कशाशी तुलना केली? कशाशीच नाही. ऑपरेशन न केलेले दुसरे ७ जण बाजूला ठेवलेलेच नव्हते, कारण त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न 'हे सुरक्षित आहे का, गाठी तर होत नाहीत ना' एवढाच होता आणि त्याचं उत्तर चांगलं आलं. म्हणजे काम मोठं आहे, मला तर वाचून अंगावर काटा आला, पण 'बरा केला' हे वाक्य पेपरात कुठेच नाही. हे सगळं दाजींना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे अजून झाला नाय तर." एका वाक्यात बरोबर.

उंदरांचं लवकर उरकतो. उंदराला आपोआप पार्किन्सन होत नाही, त्याला तो द्यावा लागतो. त्यासाठी वापरतात त्यातलं एक विष एमपीटीपी, ते कसं कळलं ते ऐका, १९८२ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात काही तरुण पोरांनी चोरून बनवलेली नशेची पावडर टोचून घेतली आणि काही दिवसांत ती पोरं सत्तरीच्या पेशंटसारखी आखडून बसली. पावडरीत हे विष होतं आणि ते मेंदूतल्या नेमक्या डोपामिनच्या पेशी मारत होतं. तेव्हापासून प्राण्यांना ते देऊन आजार उभा करतात. म्हणजे एका फटक्यात विष देऊन आजारी पाडलेला उंदीर आणि वर्षानुवर्षं आत आत पोखरत गेलेले अण्णा, यात फरक आहे ना. तर उंदरांवरची बातमी वाचायची, खूश व्हायचं आणि सोडून द्यायची.

माणसांवरचं पण लगेच डोक्यावर घेऊ नका, ही गोष्ट मला स्वतःला पटायला वेळ लागला. एक्सेनाटाइड नावाचं डायबेटिसचं इंजेक्शन आहे. २०१७ ला लॅन्सेट या मेडिकल मासिकात आलं की साधारण ६० पार्किन्सनच्या पेशंटवर ते दिलं तर हालचालीचा स्कोअर चांगला राहिला, तेही खोट्या, म्हणजे आत औषधच नसलेल्या, इंजेक्शनशी तुलना करून. मी ती बातमी छापून ठेवली होती, दुकान आपलंच, पान फुकट. नंतर १९४ जणांवर ९६ आठवडे मोठी ट्रायल झाली, निकाल २०२५ ला आला, खऱ्या आणि खोट्या इंजेक्शनमध्ये काही फरक नाही. क्रिएटिनचं पण तसंच, जिममधली पोरं घेतात ती पावडर, अमेरिका कॅनडात १७४१ पेशंटवर करून बघितली आणि उपयोग होत नाही म्हणून मध्येच थांबवली. म्हणून सारांशात फेज किती आहे ते बघा. फेज १ म्हणजे सोसतं का, फेज २ म्हणजे काही हालतंय का, फेज ३ म्हणजे खरंच उपयोग होतो का. फेज २ च्या बातमीवर साखरपुडा करा, लग्न नको.

आता ती तुलना का हवी असते. मला हे पुस्तकातून नाही, आपल्या महाडच्या उदाहरणावरून कळलं. लाल विंचू चावला की त्याचं विष नसांच्या टोकांवर जातं, सोडियम आत जायच्या वाटा उघड्या पडतात, अंगात ॲड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, माणूस घामाने भिजतो, हातपाय गार पडतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. कोकणात याने कितीतरी पोरं गेली. डॉ. हिम्मतराव बावस्कर तेव्हा बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात होते, त्यांनी खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि १९८२ साली त्या लॅन्सेटमध्ये छापून आल्या, नंतर प्राझोसिन नावाची साधी बीपीची गोळी या पेशंटना द्यायची पद्धत त्यांनीच रुजवली. पण मला सांगायचंय ते पुढचं. विंचवावरची लस, म्हणजे चावल्यानंतर विष उतरवायला देतात ते इंजेक्शन, पण निघाली तेव्हा प्रश्न आला की नुसती गोळी पुरे की सोबत लस पण द्यायची. त्यांनी महाडला ७० पेशंट घेतले, कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, ३५ जणांना गोळी आणि लस, ३५ जणांना नुसती गोळी. दहा तासांनी पहिल्या गटातले ३२ पूर्ण सावरले होते आणि दुसऱ्या गटातले ८. हा पेपर २०११ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. समजा त्यांनी फक्त पहिला गट ठेवला असता आणि म्हटलं असतं '३५ पैकी ३२ बरे झाले', तर कोणीही विचारलं असतं की अहो ते तसेही बरे झाले असते कशावरून. दुसऱ्या गटातल्या त्या ८ मुळे पहिल्या गटातल्या ३२ ला किंमत आली. एवढं एक डोक्यात बसलं की अर्धे फॉरवर्ड आपोआप पडतात.

विंचवाचं दहा तासांत कळतं तरी. पार्किन्सनमध्ये अजून एक भानगड आहे. नुसत्या साखरेच्या गोळीने पण पेशंट बरा चालायला लागतो आणि ते नाटक नसतं, कॅनडात मेंदूचे स्कॅन काढून २००१ मध्ये दाखवलंय की 'औषध मिळालं' या अपेक्षेनेच मेंदू स्वतःचं डोपामिन सोडतो. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घातलं त्यानंतर दोन दिवस अण्णा खरंच ताठ चालत होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिसऱ्या दिवशी परत पाय जमिनीला चिकटले. म्हणून 'आमच्या मामांना फरक पडला' याला खोटं म्हणायचं नाही, पण पुरावा पण म्हणायचं नाही. चांगल्या ट्रायलमध्ये पेशंटला पण माहीत नसतं खरं मिळालं की खोटं आणि तपासणाऱ्या डॉक्टरला पण नसतं, ते याच्यासाठी.

आता माझी चूक सांगतो. खाजकुयली सगळ्यांना माहीत आहे, शिमग्यात पोरं एकमेकांच्या पाठीला लावतात ती मखमली शेंग. तिच्या बियांत लेवोडोपा असतं, ज्याचं मेंदूत जाऊन डोपामिन होतं, तेच जे अण्णांच्या गोळीत असतं, आणि ही काय अफवा नाही, १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या शास्त्रज्ञांनी त्या बियांतून ते वेगळं काढून दाखवलंय. आयुर्वेदात कंपवातावर या बिया जुन्याच आहेत. हे सगळं पबमेडवर मीच शोधलं आणि मीच हुरळलो, वाटलं परसातच औषध आहे आणि आपण कोल्हापूरला फेऱ्या मारतोय. एका ओळखीच्या माणसाकडून पावडर आणली आणि चालू गोळ्यांच्या वर सकाळ संध्याकाळ चमचा चमचा सुरू केली, डॉक्टरला न सांगता. पाचव्या दिवशी अण्णा रात्री मला उठवून सांगतात की ओटीवर वासरू बसलंय, त्याला पाणी दे. आमच्याकडे गुरं नसून बारा वर्षं झाली. मग हात आपोआप वळवळायला लागले, उभं राहिलं की अंधारी. डॉक्टरांना फोन केला, शिव्या खाल्ल्या, पावडर बंद, चार दिवसांत वासरू गेलं.

यात संशोधन खोटं नव्हतं, माझं वाचन अर्धं होतं. बियांत लेवोडोपा किती ते झाडागणिक, जागेगणिक बदलतं, गोळीत ते मोजून असतं. आणि गोळीत सोबत कार्बिडोपा असतं, ते लेवोडोपाला मेंदूच्या बाहेरच वाया जाऊ देत नाही, म्हणून उलटी मळमळ कमी होते. आपल्याकडच्या पाकिटावर ११० लिहिलेलं असतं ना, ते १०० लेवोडोपा आणि १० कार्बिडोपा. मी त्याच्यावर न मोजलेलं लेवोडोपा अजून ओतत होतो. ज्यांना आयुर्वेद करायचाय त्यांनी जरूर करा पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा कागद दाखवून. आणि उलटं पण करू नका, म्हणजे फॉरवर्ड वाचून चालू गोळी एकदम बंद. लेवोडोपा अचानक तोडलं तर ताप चढून अंग लाकडासारखं आखडतं, जीवावर बेतू शकतं.

आता स्टेम सेलचे फोन. तुम्ही कुठे गुगलवर दोन वेळा पार्किन्सन टाकलंत की जाहिराती मागे लागतात. मला एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमधून बाई बोलल्या, फार गोड, "सर पेशंटचं वय किती, आमच्याकडे सुधारणा होते," चार लाखांचं पॅकेज, राहण्याची सोय सकट. मी एकच विचारलं, तुमच्या ट्रायलचा सीटीआरआय नंबर (सरकारी नोंदणीचा नंबर, पुढे सांगतो) द्या. म्हणाल्या सर ही ट्रायल नाही, ट्रीटमेंट आहे. हेच ऐकायचं होतं. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या स्टेम सेलच्या मार्गदर्शक तत्त्वांत सरळ लिहिलंय की मंजूर ट्रायलच्या बाहेर पेशंटवर स्टेम सेल वापरणं अनैतिक आहे, रक्ताच्या काही आजारांत बोनमॅरो बदलतात ते सोडून. आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे पैसे मागितले की ती ट्रायल नाही आणि ट्रायल नाही तर ते करायचंच नाही. मी हे बोललो तर फोन कट. आमच्या पलीकडच्या गावात एका घराने काजूची बाग गहाण टाकून असंच केलंय, त्यावर मी जास्त लिहीत नाही, त्यांना वाईट वाटेल.

तर हा सीटीआरआय काय प्रकार आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, आयसीएमआरची साइट, २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधांच्या ट्रायल त्यात नोंदवणं सक्तीचं केलंय. गुगलला नाव टाकलं की पहिलीच येते. सर्चमध्ये आजाराचं इंग्रजी नाव टाका, यादी येईल, एकेक उघडत जा. दिसायला पान रटाळ आहे, लांबच्या लांब टेबल, पण सगळं त्यात आहे. नंबरची रचना अशी की आधी सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना, मग आकडा, म्हणजे नुसत्या नंबरावरून कळतं नोंद कधी झाली. माझी बघायची पद्धत सांगतो, सगळ्यात आधी खाली जाऊन भरतीची स्थिती बघायची, 'ओपन टू रिक्रूटमेंट' असेल तरच पुढे वाचायचं, नाहीतर वेळ फुकट. मग कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे त्याची पत्त्यासकट यादी असते. मग कोण चालतो आणि कोण नाही, वय, आजाराची वर्षं, बाकीचे आजार. अण्णा तीन ठिकाणी वयातच बाद झाले. मग तुलना कशाशी, ते पण स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि एथिक्स कमिटीची (पेशंटवर अन्याय होत नाही ना ते बघणारी समिती) मंजुरी मिळाली की नाही, त्याचा वेगळा रकाना आहे. शेवटी सार्वजनिक चौकशीसाठी माणसाचं नाव, फोन असतो, तो शोभेसाठी नाही, फोन करायचा. एक समजून घ्या, नोंद आहे म्हणजे सरकारने औषध चांगलं म्हणून शिक्का मारलाय असं नाही, नोंद म्हणजे फक्त उघड्यावर चाललंय एवढंच.

समजा जमतंय, अट बसते, तर आपल्याकडच्या माणसाने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत, ते मुंबईत राहणाऱ्याला सुचणार नाहीत. किती वेळा यावं लागेल आणि भाडं कोण देणार, पेशंटचं एकट्याचं की सोबतच्या माणसाचं पण. आमच्याकडून मोठा न्यूरोलॉजिस्ट म्हटलं की गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर नाहीतर मुंबई, आणि मुंबई म्हणजे कोकणकन्या एक्सप्रेसची रात्र. त्यात या आजाराच्या ट्रायलमध्ये एक तपासणी असते ती 'ऑफ' मध्ये करतात, म्हणजे आदल्या रात्रीपासून बारा एक तास गोळी नाही, सकाळी आखडलेल्या अवस्थेत तपासतात. आता तुम्ही विचार करा, गोळी न घेतलेला माणूस स्लीपरच्या डब्यात रात्रभर, संडासला जायचं तरी दोघांनी धरायचं. म्हणून आधीच विचारा की ऑफची तपासणी आहे का, असेल तर आदल्या दिवशी राहायची सोय करणार का. एका ठिकाणी समन्वयक मुलगी फार चांगली होती, म्हणाली काका हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

बाकीचे प्रश्न, खोटी गोळी वाट्याला आली तर चालू औषधं चालूच राहणार ना. काही बिघडलं तर कोणाला फोन, रात्री पण उचलणार का, आणि इथे गावात उपचार घ्यावे लागले तर त्याचं बिल. २०१९ च्या नवीन औषधं आणि ट्रायलच्या नियमांत आहे की ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई पण, पण ते माहितीपत्रकात लिहिलेलं स्वतः वाचा. ट्रायल संपल्यावर गुण आला असेल तर औषध पुढे मिळणार का. माहितीपत्रक मराठीत मागा, मिळतं. आणि त्याच दिवशी सही करू नका, घरी घेऊन या. काही ट्रायलमध्ये संमती घेताना व्हिडिओ काढतात, त्याने अण्णा जरा बिचकले होते, पण तो आपल्याच बाजूचा पुरावा आहे. मध्येच बाहेर पडायचं असेल तर पडता येतं, कारण द्यायला लागत नाही, आणि त्यावरून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

अण्णांचं शेवटी कुठे जमलं नाही. पण त्या चौकशीत एका डॉक्टरांनी फोनवर विचारलं की गोळी घेतल्यावर किती वेळात लागते आणि किती वेळात उतरते, आणि मला सांगताच येईना. सात वर्षं सोबत राहून. त्या दिवसापासून वही सुरू केली आणि खरं सांगू तर या सगळ्यातून सगळ्यात जास्त फायदा त्या वहीने झाला.

वही साधी, शंभर पानी. पानावर उभ्या रेघा मारून गोळीची वेळ, लागली ती वेळ, उतरली ती वेळ, आणि काय खाल्लं. 'बरं वाटलं' असं लिहायचं नाही, त्याने काय कळत नाही. डॉक्टर बोटं आपटायला लावतात बघा, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट दहा वेळा, त्याला शून्य ते चार मार्क देतात, ट्रायलमध्ये सगळ्या शरीराचे असे मिळून १३२ पर्यंत मार्क असतात. आपण घरी एवढं करू शकत नाही पण एक काहीतरी रोज तेच मोजायचं. अण्णा पूर्वी भजनात पेटी वाजवायचे. मी पेटी माळ्यावरून काढली आणि रोज दुपारी तीन वाजता एकच गजर वाजवायला लावला, पूर्ण वाजला तर दोन मार्क, अडखळत वाजला तर एक, बोटं उठलीच नाहीत तर शून्य. त्यांना पण आवडलं, गोळीची वाट बघण्यापेक्षा.

दीड महिन्याने मी दुकानात बसून ती वही चाळत होतो तर एक गोष्ट दिसली. शून्यवाले दिवस कुठेही होते, मंगळवार, बुधवार, शनिवार. पण सोमवारी आणि गुरुवारी एकही शून्य नाही. एकही नाही. आमच्याकडे अण्णा सोमवार आणि गुरुवार मासे खात नाहीत. बाकीचे दिवस दुपारी बांगड्याचं तिखलं नाहीतर सुरमईची कढी आणि त्याच्यावरच दीडची गोळी. मग शोधलं तर हे आधीपासूनच माहीत असलेलं निघालं, लेवोडोपा आणि जेवणातलं प्रोटीन आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला एकच दरवाजा वापरतात, दरवाजात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. मासे, मटण, अंडी, उसळी, सगळंच, आणि लोहाच्या गोळीचं पण वेगळं असं काही आहेच. म्हणजे आम्ही नकळत घरातच तुलना करून बसलो होतो, अण्णांचे सोमवार गुरुवार हा दुसरा गट. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी मासे बंद नाही केले, देव त्यांचं भलं करो, फक्त दुपारची गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी घ्यायला सांगितली. तुम्ही वेळ बदलायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदला, कोणाला रिकाम्या पोटी मळमळतं.

वही नेताना सगळी नेऊ नका, डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो. शेवटच्या चौदा दिवसांची पानं झेरॉक्स मारून न्या, आणि शून्यवाल्या दिवसांना लाल पेनाने गोल करा. आमच्या वहीत आता मंगळवारी पण बऱ्यापैकी एक आणि दोन दिसतात. गेल्या मंगळवारी बांगडा होता आणि गजर पूर्ण वाजला, दाजी ओटीवर झांज घेऊन बसले होते.